चौथ्या भागातलं हसू

डोरीनचं हसू मी स्वतःच पुसून टाकलंय, हे मला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं. डोरीन म्हणजे माझी बायको. ती जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

टीव्हीखालचं कॅसेटींचं कपाट मी तीन महिने उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. हवी ती कॅसेट लगेच सापडली. पाठीवर डोरीनच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : 'आज नको, धन्यवाद. भाग १ ते ६. विल्फ, हात लावू नकोस.' मी चहा केला, खुर्ची पुढे ओढली आणि कॅसेट मशीनमध्ये घातली.

पडद्यावर टोप्या घातलेले दोन म्हातारे हिरवळीवरून घरंगळत जाणाऱ्या काळ्या गोळ्याकडे बघत उभे होते. बोल्स या खेळाचा अंतिम सामना, साल १९८९. मी कॅसेट पुढे पळवली. अजून गोळे. आणखी पळवली. बक्षीस समारंभ. त्यानंतर एक माणूस कांद्यावरच्या किडीबद्दल बोलत होता, आणि त्यानंतर नुसत्या मुंग्या.

कॅसेट बाहेर काढून पाहिली. तिच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. डोरीनने तो आठवणीने मोडला होता. पण मशीनला फसवायला कोणीतरी त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती. पट्टी अगदी सरळ होती, दोन्ही टोकं आत दुमडलेली. आमच्या घरात अशी पट्टी फक्त मीच लावतो.

मी लेकीला फोन केला. गिलियन लेस्टरला असते, शाळेत शिकवते.

"बाबा, शाळेच्या वेळात फोन केलात? काय झालं?"

"तुझ्या आईचं हसू गेलं."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आई नोव्हेंबरमध्ये गेली."

"ते मला माहीत आहे. मी कॅसेटबद्दल बोलतोय."

सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "बोल्स? बाबा, बोल्स? कोण जिंकलं ते तरी आठवतंय का?"

आठवत नव्हतं.

आता 'आज नको, धन्यवाद' ही टीव्हीवरची विनोदी मालिका काय ते सांगायला हवं, कारण फारशी कोणाला आठवत नाही. १९८७ च्या शरदात सहा गुरुवार रात्री आठ वाजता ती लागली आणि बंद पडली. पॉगसन नावाचा एक निवृत्त स्टेशनमास्तर. बायको वारलेली, मुलगा लांब, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर राग. दारावर कोणीही आलं, ब्रश विकणारा, पाद्री, डॉक्टर, एकदा तर आग विझवायला आलेली माणसं, तरी हा दार बोटभर उघडून म्हणायचा, "आज नको, धन्यवाद." आणि दार लावून घ्यायचा. एवढंच. एका वर्तमानपत्राने लिहिलं की ओले मोजे वाळताना बघण्यात जेवढी करमणूक आहे तेवढी यात आहे. डोरीन म्हणाली, "त्या माणसाने चांगले मोजे बघितले नसतील."

पहिला भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बोल्सच्या क्लबात मी शिरलो तर सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "आज नको, धन्यवाद!" तेव्हापासून तिथे माझं नाव पॉगसन. मी एकतीस वर्षं बसवर तिकीट तपासनीस होतो. शिस्तीचा माणूस आणि कुरकुऱ्या माणूस यातला फरक या गावात कोणाला समजत नाही. मी घरी येऊन सांगितलं की ही मालिका मी कधीच बघणार नाही. आणि बघितली नाही.

पण डोरीनने ती नुसती बघितली नव्हती, ती स्वतः त्या मालिकेत होती. त्या उन्हाळ्यात चर्चमधल्या बायकांची बस मँचेस्टरला स्टुडिओत गेली होती. असल्या मालिका प्रेक्षकांसमोर करतात आणि त्यांचं हसणंही टेप करून घेतात. सुरुवातीला एक चकचकीत कोटातला माणूस येऊन बायकांना हसवून हसवून गरम करतो, म्हणजे खरे नट आल्यावर त्या लवकर हसतात. डोरीनला गरम करायची कधीच गरज पडली नाही. तिचं हसणं म्हणजे गंजलेलं फाटक कोणीतरी तीनदा उघडून धाडकन लावल्यासारखं. सिनेमागृहात लोक मागे वळून बघायचे. आमच्या लग्नात पाद्री दोनदा थांबला.

परत आली तेव्हा गालांवर लाली. "विल्फ, मी चौथ्या भागात आहे!"

"दिसणार आहेस?"

"दिसणार नाही रे. ऐकू येणार."

"एवढ्या बायकांत तू कुठली, ते कसं कळणार?"

"सगळे गप्प आहेत आणि एक बाई एकटीच हसतेय. ती मी."

चौथा भाग लागला त्या रात्री मी स्वयंपाकघरात किटलीचा पांढरा थर खरवडत होतो. बाहेरच्या खोलीत टीव्हीतली डोरीन हसली आणि तिच्यावर खुर्चीतली डोरीनही हसली. कुठलं कोणाचं ते मला कळलं नाही. ती दारात आली, डोळे पुसत. "ऐकलंस?"

"ऐकलं. तिथे हसण्यासारखं काय होतं?"

"बघ म्हणजे कळेल."

बघायचं राहिलं. कॅसेट कपाटातच होती, ती कुठे पळून जाणार, असं मला वाटलं. आणि दोन वर्षांनी मला बोल्सचा सामना टेप करायचा होता, दुकानं बंद होती, आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. पुढचं मी तुम्हाला सांगितलंच आहे.

तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. फोटो आहेत, पण फोटो गप्प असतात. फोनच्या मशीनवर माझा आवाज आहे : 'हॉवर्थ. कामाचं बोला.' म्हणून मी टीव्ही कंपनीला पत्र लिहिलं. सरळ लिहिलं, की अमुक मालिकेच्या चौथ्या भागात माझी बायको हसते, ती आता हयात नाही, तो भाग मिळावा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जुने कार्यक्रम खाजगी व्यक्तींना देण्याची सोय नाही, पण आपण आमचे इतके निष्ठावान प्रेक्षक आहात याचा आनंद वाटतो. सोबत पॉगसनचा सहीचा फोटो होता. मी तो खणात उलटा ठेवला.

पेपरच्या दुकानात शीला टॅटरसॉलला हे सांगितलं. मला सांगायचं नव्हतं, पण ती पेपर हातात धरून ठेवते आणि सगळं ऐकल्याशिवाय देत नाही.

"ग्रिमशॉकडे असेल की," ती म्हणाली. "सिरिल ग्रिमशॉ टीव्हीवरचं सगळं टेप करतो. हवामानसुद्धा."

"ग्रिमशॉकडे मी मेलो तरी जाणार नाही."

"मेल्यावर जाऊन काय करणार? बटण दाबायला माणूस जिवंत लागतो."

सिरिल ग्रिमशॉ माझा शेजारी. आमच्यामध्ये एक झुडपांचं कुंपण आहे आणि बारा वर्षांचं मौन आहे. कुंपण त्याचं, मौन दोघांचं. झालं असं, की १९८२ मध्ये तो माझ्या बसवर होता. तिकीट बाजारापर्यंतचं आणि बस बाजाराच्या पुढे एक थांबा गेलेली. मी त्याला उतरवलं. पाऊस पडत होता. त्याच्या हातात त्याच्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक होता, पुठ्ठ्याच्या खोक्यात. घरी पोचेपर्यंत केकचं जे झालं त्याला ग्रिमशॉच्या आईने म्हणे 'लापशी' म्हटलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. डोरीनशी मात्र बोलायचा. तिच्याशी सगळेच बोलायचे. कुंपणापाशी दोघांचं तासभर चालायचं आणि मधूनमधून ते फाटक वाजायचं.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी मी केस विंचरले, टाय बांधला आणि त्याच्या दाराची घंटा वाजवली. दार बोटभर उघडलं. आत एक डोळा दिसला.

"आज नको, धन्यवाद," ग्रिमशॉ म्हणाला आणि दार लागलं.

मी तिथेच उभा राहिलो. आत खोकल्यासारखा आवाज येत होता. तो हसत होता. मी पुन्हा घंटा वाजवली.

"सात वर्षं वाट पाहिली हे म्हणायला," दार उघडून तो म्हणाला. "आता मेलो तरी चालेल. काय हवंय, हॉवर्थ?"

मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "बूट काढ."

सिरिलने चाळीस वर्षं आमच्या खोऱ्यातल्या सपातांच्या कारखान्यात काम केलं, तयार जोड तपासायचं. त्याच्या घरात बूट घालून कोणी शिरत नाही. दाराशी फळीवर पाहुण्यांसाठी सपाता मांडलेल्या असतात, मापाप्रमाणे. त्याने न विचारता नऊ नंबरच्या काढून दिल्या, लाल चौकड्यांच्या. बरोबर बसल्या.

आतल्या खोलीत तीन भिंतींना कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर आकडा. टेबलावर जाड वही. त्याने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "आहे. दोनशे चौदा आणि दोनशे पंधरा. सहाही भाग."

मी न विचारता बसलो.

"चौथाच हवाय," मी म्हणालो. "घरी नेतो, उद्या परत देतो."

"कॅसेट घराबाहेर जात नाही."

"मग इथेच लाव."

"आधी बसचं बोल."

मी याची तयारी करून आलो होतो. उभा राहिलो. "त्या दिवशी तुझं तिकीट बाजारापर्यंतचं होतं. नियमाप्रमाणे थांबा ओलांडला की प्रवाशाला..."

"ही माफी आहे की वेळापत्रक?"

मी पुन्हा सुरुवात केली. "पाऊस होता."

"होता."

"केक होता."

"होता."

"मी खोक्याकडे बघायला हवं होतं. मी तिकिटाकडे बघत होतो."

सिरिलने विचार केला. कारखान्यात तो सपातेचा जोड असाच हातात धरून बघत असणार. "शिलाई वाकडी आहे," तो म्हणाला, "पण चालेल. बस. पहिल्या भागापासून लावतो."

"मला चौथा हवाय."

"तीन बघितल्याशिवाय चौथा कळत नाही. शेजारीण कोण, भाऊ कोण, तुला काय माहीत? तू बघितलीच नाहीस. डोरीन सांगायची. गुरुवारी आठ वाजता एक भाग. जशी लागायची तशीच."

"सिरिल, मला दोन सेकंदांचं हसू ऐकायचंय."

"ते तीन आठवड्यांनी येईल," तो म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

अशी मला ती मालिका बघावी लागली. पहिल्या भागात पॉगसन चर्चच्या घंटेची तक्रार करायला जातो, कारण ती चाळीस सेकंद मागे आहे. मी म्हणालो, "मग बरोबरच आहे त्याचं." सिरिल पडद्याकडे बघतच नव्हता, तो माझ्याकडे बघत होता आणि रुमाल तोंडात कोंबत होता. दुसऱ्या भागात पॉगसन पोस्टमनला अंगण ओलांडायचा योग्य रस्ता खडूने आखून देतो. माझ्या मते तो रस्ता उत्तम होता. प्रेक्षक का हसत होते कळेना. प्रत्येक हशात मी कान देऊन डोरीनला शोधत होतो. "ती या भागात नाही," सिरिल दर वेळी म्हणायचा. "त्या दिवशी दुसरी बस आली होती. बोल्टनची. बोल्टनच्या बायका नाकातून हसतात."

तिसऱ्या गुरुवारी बिनसलं. तिसऱ्या भागात पॉगसन पुतणीच्या लग्नाला जातो आणि मेजवानीत सगळ्यांना सांगत सुटतो की हॅम कडेने वाळलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "गिलियनच्या लग्नातलं खरंच वाळलं होतं."

सिरिल चहाचा कप ठेवून हसला. पाय आपटून हसला. "तोच तू! हुबेहूब तू! अरे, आरसासुद्धा इतका बरोबर दाखवत नाही!"

"मी त्याच्यासारखा नाही."

"डोरीन म्हणायची, माझा नवरा टीव्हीवर येतो आणि त्याचे पैसे दुसरा घेतो."

"डोरीन असं म्हणणार नाही."

"कुंपणापाशी म्हणायची. दर शुक्रवारी."

बावीस वर्षं मी त्या घरात तिच्यासोबत राहिलो आणि ती शुक्रवारी काय म्हणायची ते याला माहीत. मी उठलो, तडक बाहेर पडलो आणि घरी आलो. दिवा लावल्यावर दिसलं की माझ्या पायात लाल चौकड्यांच्या सपाता आहेत. माझे बूट त्याच्याकडे.

माझ्याकडे बुटांचा दुसरा जोड आहे, पण तो अंत्यविधीचा. शुक्रवारी तो घालून पेपर आणायला गेलो तर शीलाने हातातलं ठेवलं आणि विचारलं, "कोण गेलं?" शनिवारी गिलियनचा फोन आला.

"बाबा, म्हणजे तो तुमचे बूट ओलीस ठेवून बसलाय आणि तुम्ही त्याच्या सपाता?"

"मी ओलीस ठेवलेल्या नाहीत. चुकून आल्या."

"मग परत द्या."

"आधी त्याने द्यायला हवेत."

"बाबा, तुम्हाला आईचा आवाज ऐकायचाय की जिंकायचंय?"

मी म्हणालो, शाळेत पोरं तुला कशी सहन करतात. ती म्हणाली, घरून सराव झालाय.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेपाचला मी दुधाच्या बाटल्या आत घ्यायला दार उघडलं. इतक्या लवकर उठायची सवय जुनी आहे. उशीर केला तर ती छोटी निळी पाखरं बाटलीच्या चंदेरी झाकणाला भोक पाडून वरची साय खातात. पायरीवर बाटलीशेजारी माझे बूट होते. पॉलिश केलेले. नाड्या धुतलेल्या. उजव्या बुटाची टाच गेला महिनाभर सुटत होती, ती शिवलेली होती. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

रात्री आठला पाच मिनिटं असताना मी सपाता हातात घेऊन त्याच्या दाराशी गेलो. घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"टाच बरी शिवलीस," मी म्हणालो.

"सपाता धुतल्यास का?"

"धुतल्या."

"मग घाल आणि आत ये. थंडी येतेय."

चौथा भाग सुरू झाला. सिरिलने वही मांडीवर घेतली होती. मी हात गुडघ्यांवर ठेवले. पॉगसनचं शेजाऱ्याच्या मांजराशी भांडण होतं. मांजर वाफे उकरायचं आणि हा झाडू घेऊन त्याच्यामागे. प्रेक्षक हसत होते, एका दमात, सगळे मिळून. त्यात डोरीन असणारच, पण मला वेगळी ओळखू येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला भीती वाटायला लागली की आवाज आला तरी मला कळणार नाही. तीन महिन्यांत, आता तर चार, माणूस विसरतो का? मी सिरिलला तसं विचारलं.

"गप्प," तो म्हणाला. त्याचं बोट वहीवर होतं. "आता."

पडद्यावर पहाट होती. पॉगसन झोपायच्या कपड्यांत दार उघडून बाहेर आला. दुधाची बाटली उचलली, झाकण तपासलं, उजेडाकडे धरून साय किती आहे ते बघितलं. मग त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. खिशातून बशी काढली. सगळी साय बशीत ओतली, बशी कुंपणाखाली सरकवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "लवकर आटप. आणि कोणाला सांगू नकोस."

मालिकेतला तो हळवा क्षण असावा. स्टुडिओतले सगळे गप्प झाले होते. आणि त्या शांततेत कोणीतरी गंजलेलं फाटक तीनदा उघडलं आणि धाडकन लावलं.

डोरीन.

पॉगसनने क्षणभर मान वर केली. भूमिकेत ते नसणार. नटाने बहुधा बघितलं, ही कोण बाई. मग बाकीचे सगळे तिच्या हसण्याला हसले.

सिरिलने मशीन थांबवलं. त्याने वही माझ्यासमोर धरली. १९८७ चं अक्षर, बारीक, नीट : 'भाग ४. मिनिट १७. इथे मिसेस हॉवर्थ हसतात.'

"तेव्हाच लिहिलंस?"

"मग काय. ओळखीचा आवाज टीव्हीवर रोज येतो का?" त्याने नाक शिंकरलं. "पण एक मला कधी कळलं नाही. तिथे हसण्यासारखं काय आहे? मांजराला साय देतो म्हातारा. मला तर इथे रडू येतं."

मला कळलं होतं. बघ म्हणजे कळेल, असं ती म्हणाली होती, आणि सात वर्षांनी मी बघितलं होतं.

"सिरिल," मी म्हणालो, "तुझ्याकडे बिशप होता ना?"

बिशप म्हणजे त्याचा काळा बोका, गळ्याशी पांढरा पट्टा. माझे कांद्याचे वाफे त्याने जितके उकरले तितके मी लावलेही नसतील. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा मी त्याला ओरडायचो.

"होता. त्याचं काय?"

"साडेपाचला. बशी कुंपणाखाली. मला वाटायचं कोणाला माहीत नाही. डोरीन झोपलेली असायची."

सिरिलने वही बंद केली. "किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"अकरा वर्षं!" तो उभाच राहिला. "अरे, तो सकाळी माझ्याकडे तोंड लावायचा नाही! मी त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेला, दोन-दोनदा! डॉक्टर म्हणाला, मन उदास आहे, याच्याशी बोलत जा! मी रोज सकाळी मासळीचा डबा उघडून त्या बोक्याशी अर्धा अर्धा तास बोलत बसायचो, हॉवर्थ! राजकारणावर! तो ढेकर देऊन झोपायचा!"

मग मी हसलो. किती महिन्यांनी, ते मोजलं नाही. सिरिल आधी रागावून बघत होता, मग तोही बसला आणि हसला, आणि त्याला खोकला लागला म्हणून मी पाणी आणलं.

"ती खिडकीतून बघत असणार," तो शेवटी म्हणाला. "रोज."

"आणि बोलली नाही."

"मलाही नाही बोलली. आणि मला तर तुझं हॅमसुद्धा माहीत होतं."

हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे एक गोष्ट तिने कुंपणापलीकडे नेली नव्हती.

आम्ही ते हसू त्या रात्री आणखी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावताना सिरिल म्हणाला, फीत झिजेल, नक्कल करून घेऊ. दोन मशीनं वायरीने जोडली की एकातून दुसऱ्यात भरता येतं. तू वायर आण, कोरी कॅसेट आण, आणि तुझं मशीन उचलून आण. एका संध्याकाळचं काम आहे. मग तुझ्या घरी तुझं तुला ऐकता येईल, इथे यायला नको.

दुसऱ्याच दिवशी मी वायर आणि कॅसेट आणली. कॅसेटच्या पाठीवर लिहून ठेवलं : 'विल्फ, हात लावू नकोस.'

त्यानंतर पाचवा भाग झाला, सहावा झाला. सहाव्यात पॉगसन शेवटी एकदा दार पूर्ण उघडतो, पण बाहेर कोण आहे ते दाखवत नाहीत, आणि मालिका बंद पडल्यामुळे ते कोणालाच माहीत नाही. सिरिलच्या मते पुतणी. माझ्या मते घंटेबद्दल माफी मागायला आलेला पाद्री. यावर वाद झाला म्हणून पुन्हा पहिल्या भागापासून लावली. परवा दुसऱ्यांदा तिसरा झाला.

सिरिल दर गुरुवारी विचारतो, मशीन आणलंस का. मी म्हणतो, जड आहे, पुढच्या वेळी. तो बरं म्हणतो आणि नऊ नंबरच्या सपाता पुढे करतो.

आज एप्रिल महिन्याची तीस तारीख. वायर स्वयंपाकघरातल्या खणात आहे, कॅसेट कोरी आहे. नक्कल करायची राहिली आहे.